‘बंद पडले’ की ‘बंद पाडले’? : अमेरिकी शटडाऊनचे वृत्तांकन आणि मिथ्या समतोल

प्रास्ताविक

मराठीतील ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ या दोन क्रियापदांत एका कान्याचे अंतर आहे. भिंत पडली असे म्हटले की पाऊस, ओल, जुनेपणा यांपैकी कशालाही कारण मानता येते. भिंत पाडली असे म्हटले की पाडणाऱ्याचे नाव विचारावे लागते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या संघीय सरकारचे बरेचसे कामकाज थांबले आणि ते सोळा दिवस थांबलेले राहिले. या काळात तेथील प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाहिन्यांनी जी भाषा वापरली ती प्रामुख्याने ‘पडले’ या वर्गातील होती. ‘कोंडी’, ‘पेच’, ‘दोन्ही बाजू आपापल्या भूमिकेवर ठाम’, ‘काँग्रेसचे अपयश’, ‘आरोप-प्रत्यारोप’ हे शब्द बातम्यांतून सतत येत राहिले. या शब्दांचा विशेष असा की त्यांना कर्ता लागत नाही.

वृत्तव्यवसायाच्या समीक्षेत या प्रवृत्तीला मिथ्या समतोल म्हणता येईल. पुरावा किंवा कृती स्पष्टपणे एका बाजूकडे झुकलेली असतानाही दोन्ही बाजूंना समान वजन देऊन निःपक्षपाताचा आभास निर्माण करणे, असा त्याचा स्थूल अर्थ. प्रस्तुत लेखात २०१३ च्या शटडाऊनच्या आधारे या प्रवृत्तीचे स्वरूप तपासावयाचे आहे. आणि त्यातून हाती येणारी मोजपट्टी पुढे २०२५ मध्ये, पक्षांच्या भूमिका उलटल्या तेव्हा, टिकते का हेही पाहावयाचे आहे.

शटडाऊन म्हणजे काय

भारतीय वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर संविधानाच्या अनुच्छेद ११६ नुसार लेखानुदान घेतले जाते, आणि लोकसभेने सरकारची अनुदानाची मागणी फेटाळली तर सरकारच गडगडते. कार्यालये बंद होत नाहीत. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस यांची निवड स्वतंत्रपणे होते. त्यामुळे पैसा नाकारला गेला तरी सरकार पदावर राहते, फक्त त्याच्याजवळ खर्चाचा अधिकार उरत नाही. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत बारा वार्षिक विनियोजन विधेयके संमत झाली नाहीत, तर जुन्याच पातळीवर खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव करावा लागतो. तोही झाला नाही तर शटडाऊन.

ही व्यवस्था वाटते तितकी प्राचीन नाही. मंजुरीविना खर्च करण्यास मनाई करणारा कायदा एकोणिसाव्या शतकातला आहे खरा, परंतु १९७० च्या दशकात मंजुरीत खंड पडला तरी बहुतेक खाती काटकसरीने चालूच राहत. १९८० मध्ये अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी त्या कायद्याचा कठोर अर्थ लावला आणि तेव्हापासून काम थांबवणे बंधनकारक झाले. म्हणजे शटडाऊन हे राजकीय शस्त्र म्हणून उपलब्ध झाले ते एका कायदेशीर अभिप्रायामुळे. बातमीत हा तपशील क्वचित येतो. परिणामी वाचकाला हा प्रकार वादळासारखा, ऋतुमानानुसार येणारा वाटू लागतो.

२०१३ मध्ये काय घडले

आरोग्यविम्यासंबंधीचा ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’, म्हणजे बोलीतले ओबामाकेअर, मार्च २०१० मध्ये कायदा झाला. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचा गाभा वैध ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा कायदा रद्द करण्याचे वचन देणारे उमेदवार अध्यक्षपदाची निवडणूक हरले. २० सप्टेंबर २०१३ रोजी रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने तात्पुरता खर्च-ठराव मंजूर केला तो या कायद्याचा निधी तोडण्याच्या अटीसह. सिनेटर टेड क्रूझ यांनी याच मागणीसाठी सिनेटमध्ये एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले. डेमोक्रॅटिक बहुमताच्या सिनेटने ती अट काढून ठराव परत पाठवला. प्रतिनिधिगृहाने मग कायदा वर्षभर लांबणीवर टाकण्याची अट घातली. सिनेटने ती नाकारली. नंतर वैयक्तिक विमासक्ती पुढे ढकलण्याची अट आली. तीही नाकारली गेली. मध्यरात्र उलटली.

इतक्या तपशिलावरून वाचक म्हणेल की एका सभागृहाने मागितले, दुसऱ्याने नाकारले, हट्ट दोघांचाही. नेमके येथेच थांबावे लागते, कारण बहुसंख्य वृत्तांकनही येथेच थांबले.

पहिली गोष्ट रकमेची. सिनेटने परत पाठवलेल्या ‘निर्भेळ’ ठरावातील वार्षिक खर्चाची पातळी ९८६ अब्ज डॉलर होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पातील आकडा १,०५८ अब्ज डॉलर होता. ९८६ हा सक्तीच्या कपातीनंतरचा, म्हणजे रिपब्लिकनांना मानवणारा आकडा होता. पैशाच्या प्रश्नावर एका बाजूने आधीच माघार घेतली होती. ‘दोन्ही बाजू एक पाऊल मागे घ्यायला तयार नाहीत’ हे वाक्य त्यामुळे केवळ ढोबळ राहत नाही, वस्तुस्थितीच्या कसोटीवर ते चुकीचे ठरते. एक पाऊल मागे घेतले गेले होते. बातमीने ते मोजले नाही, कारण ते भांडण सुरू होण्यापूर्वी घेतलेले होते.

दुसरी गोष्ट मतांची. निर्भेळ ठराव प्रतिनिधिगृहात मतास आला असता तर जवळजवळ सर्व डेमोक्रॅट आणि जाहीरपणे तयारी दाखवणारे वीसच्या आसपास रिपब्लिकन सदस्य मिळून तो संमत होण्याची दाट शक्यता पहिल्या आठवड्यातच दिसत होती. सभापती जॉन बेनर यांनी तो मतास घेतला नाही. अखेर १६ ऑक्टोबरच्या रात्री जो तोडगा निघाला तो प्रतिनिधिगृहात २८५ विरुद्ध १४४ मतांनी संमत झाला, आणि विरोधातील सर्व १४४ मते रिपब्लिकनांची होती. सिनेटमध्ये हेच प्रमाण ८१ विरुद्ध १८ होते.

तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर थोडे रेंगाळणे अगत्याचे वाटते. दोन्ही सभागृहांत असहमती झाली असता दुसऱ्या सभागृहाचे विधेयक मतास घेण्याचा प्रस्ताव कोणत्याही सदस्यास मांडता येईल, असा प्रतिनिधिगृहाचा नियम होता. शटडाऊन सुरू होत असताना, त्याच रात्रीच्या एका कार्यपद्धतीविषयक ठरावाने, हा अधिकार या विधेयकापुरता केवळ बहुमतातील पक्षाचे नेते एरिक कँटर किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती यांच्यापुरता मर्यादित करण्यात आला. १२ ऑक्टोबरला क्रिस व्हॅन हॉलन यांनी सभागृहात उभे राहून यासंबंधी पीठासीन अधिकाऱ्याला प्रश्न विचारले, तेव्हा नियम तसा बदलला गेल्याचे उत्तर मिळाले. त्या प्रश्नोत्तरांची चित्रफीत लोकांनी पुढे मोठ्या प्रमाणावर पाहिली. परंतु मूळ घटना घडली त्या रात्री शेकडो पत्रकार त्या इमारतीत उपस्थित होते, आणि ठरावाचा मजकूर गुप्त नव्हता. कोंडी फोडण्याचा एक दरवाजा कोणी तरी आतून कडी लावून बंद करतो, ही बातमी ‘कोंडी’ या शब्दाच्या पोटात हरवून गेली.

रिकाम्या खुर्च्यांचे छायाचित्र

मिथ्या समतोल केवळ शब्दांतून घडतो असे नाही. १ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन वाटाघाटीकार एका लांब टेबलाच्या एका बाजूला बसले. समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. छायाचित्र निघाले, प्रसृत झाले, आणि त्याचा अर्थ कोणासही समजण्यासारखा होता: आम्ही बोलायला बसलो आहोत, ते येत नाहीत. छायाचित्र खोटे नव्हते. खुर्च्या खरोखर रिकाम्या होत्या.

परंतु सिनेटने आपला अर्थसंकल्प मार्च २०१३ मध्ये संमत केला होता आणि दोन्ही सभागृहांची समेट समिती नेमावी म्हणून एप्रिलपासून वारंवार विनंती केली होती. दर वेळी सिनेटमधील कोणी ना कोणी रिपब्लिकन सदस्य हरकत घेऊन ती अडवत राहिला; आक्षेप घेणाऱ्यांत क्रूझ आणि त्यांचे सहकारी होते. जॉन मॅकेन यांनी आपल्याच पक्षाच्या या अडवणुकीवर उघड नाराजी व्यक्त केली होती. सहा महिने रिकाम्या राहिलेल्या त्या इतर खुर्च्यांचे छायाचित्र कोणी काढले नाही, कारण न झालेल्या बैठकीत काढण्यासारखे काहीच नसते. कॅमेऱ्याची ही मर्यादा भरून काढणे हे मजकुराचे काम होते. छायाचित्राखालच्या दोन ओळींत ते मावले असते.

असेच दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाचे झाले. वॉशिंग्टनमधील हे स्मारक बंद झाल्यावर वृद्ध सैनिक तेथे पोहोचले आणि काही लोकप्रतिनिधींनी अडथळे बाजूला सारून त्यांना आत नेले. दृश्य हृदयस्पर्शी होते आणि दिवसभर दाखवले गेले. सुमारे आठ लाख कर्मचारी बिनपगारी रजेवर होते, त्यांचे असे दृश्य होत नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याने परदेशी कामगारांविषयीची प्रमाणपत्रे देणे थांबवल्यामुळे एच-१बी व्हिसाचे नवे अर्ज खोळंबले आणि पुण्या-मुंबईच्या संगणक अभियंत्यांपर्यंत त्याची झळ पोहोचली. तिचेही होत नाही. ज्या कायद्यासाठी हे सारे घडले त्याचा खर्च मुख्यतः वार्षिक मंजुरीवर अवलंबून नसल्याने तो मात्र थांबला नाही. त्याचे विमाबाजार नेमके १ ऑक्टोबरलाच उघडले.

समतोलाचा विधी

पत्रकार असे का करतात? आळस हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. समाजशास्त्रज्ञ गे टकमन यांनी १९७२ मध्येच दाखवून दिले की वृत्तपत्रीय वस्तुनिष्ठता हा बहुतांशी संरक्षक विधी आहे: दोन्ही बाजूंची विधाने अवतरणचिन्हांत घातली की वार्ताहर टीकेपासून आणि खटल्यापासून सुरक्षित होतो. विधाने खरी आहेत की नाहीत हा प्रश्न अवतरणचिन्हांच्या बाहेरच राहतो. डॅनियल हॅलिन यांनी १९८६ च्या आपल्या व्हिएतनाम युद्धविषयक ग्रंथात वृत्तविश्वाची तीन वर्तुळे कल्पिली. त्यांतील मधले वर्तुळ वैध मतभेदाचे. अमेरिकेतील दोन प्रमुख पक्षांत जे काही घडेल ते आपोआप या मधल्या वर्तुळात टाकले जाते, आणि त्या वर्तुळाचा नियमच समतोल हा आहे. जे रोझेन यांनी या पवित्र्याला ‘कोठूनही न पाहिलेले दृश्य’ अशा आशयाचे नाव दिले आहे. हे नाव चपखल आहे.

विज्ञानविषयक वृत्तांकनात या विधीचे दुष्परिणाम मोजलेही गेले आहेत. मॅक्सवेल आणि जूल्स बॉयकॉफ यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील चार प्रतिष्ठित वृत्तपत्रांच्या १९८८ ते २००२ या काळातील ६३६ लेखांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत निम्म्याहून थोड्या अधिक, ५२.६५ टक्के, लेखांनी तापमानवाढीत मानवाचा वाटा आणि केवळ नैसर्गिक बदल या दोन्ही मतांना जवळजवळ सारखे स्थान दिले होते. वैज्ञानिकांतील एकमत तसे नव्हते. राजकारणात अशी मोजणी अवघड असते, हे मान्य केले पाहिजे. तेथे एकमताचा अहवाल नसतो. पण मतदानाची नोंद असते, नियमांचा मजकूर असतो, तारखा असतात.

टीकाकारांची उणीव नव्हती. थॉमस मान आणि नॉर्मन ऑर्नस्टीन या दोन भिन्न संस्थांतील अभ्यासकांनी २०१२ मध्येच लिहिले होते की तेव्हाच्या बिघाडात दोन पक्षांचा वाटा समान नाही, आणि माध्यमांनी तसे दाखवणे हा बिघाडाचाच भाग आहे. जेम्स फॅलोज यांनी शटडाऊनच्या काही दिवस आधी ‘अटलांटिक’साठी लिहिताना वाचकांना सावध केले होते की निर्णायक झगडा दोन पक्षांमधला नसून एका पक्षाच्या आतला आहे. दुसऱ्या टोकाला फॉक्स न्यूजने आपल्या संकेतस्थळावर ‘शटडाऊन’ऐवजी सरकार ‘सडपातळ’ होत असल्याचे सुचवणारा शब्द योजला. यात एक गंमत आहे. पक्षपाती वाहिनीचा शब्द चटकन लक्षात येतो आणि त्याची चेष्टा होते. समतोल वृत्तपत्राचा ‘कोंडी’ हा शब्द तितकाच अर्थ लपवतो, पण तो सभ्य असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

एक गंभीर आक्षेप

दोष ठरवणे हे वार्ताहराचे काम आहे काय? वाचकांनी ठरवावे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सहज झटकता येणार नाही. शिवाय एनबीसी आणि वॉल स्ट्रीट जर्नल यांच्या ऑक्टोबर २०१३ मधील पाहणीत ५३ टक्के लोकांनी रिपब्लिकनांना, तर ३१ टक्के लोकांनी अध्यक्षांना जबाबदार धरले होते. मग समतोलाने कोणाची फसवणूक झाली, असेही कोणी विचारील.

याचे उत्तर कृती आणि तिचे मूल्यमापन यांच्यातील भेदात आहे. ओबामाकेअर वाईट कायदा आहे, खजिन्याची किल्ली संविधानाने प्रतिनिधिगृहाकडेच दिली आहे, आणि म्हणून ती किल्ली वापरून कायदा रोखणे योग्य आहे, हे मत प्रामाणिकपणे धारण करता येते. क्रूझ यांचे समर्थक ते धारण करीत होते, आणि त्याबद्दल त्यांना लाज नव्हे तर अभिमान होता. ‘कोंडी झाली’ असे लिहिणारी बातमी त्यांच्यावरही अन्याय करते. त्यांनी जाणूनबुजून केलेली कृती ती त्यांच्याकडून काढून घेते. अमुक पक्षाने अमुक मागणीसाठी खर्चाची मंजुरी अडवली, एवढे सांगण्यात निंदाही नाही, स्तुतीही नाही. ते योग्य की अयोग्य हे वाचकाने ठरवावे. पण ठरवण्यासाठी काय ठरवायचे ते त्याला कळले पाहिजे. पाहणीतील ५३ टक्क्यांबद्दल म्हणायचे तर तो त्या पंधरवड्याचा कल होता. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी सिनेट जिंकले. त्याची कारणे अनेक आहेत आणि शटडाऊनच्या बातम्यांना त्याचे श्रेय देणे उतावीळपणाचे होईल. मात्र अडवणुकीची राजकीय किंमत दीर्घकाळ मोजावी लागत नाही, एवढा धडा पक्षांनी त्यातून घेतला असल्यास नवल नाही. स्वतः बेनर यांनी जानेवारी २०१४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात हा प्रकार आधीच दिसत असलेली आपत्ती होती अशी कबुली दिली. पक्षाचा नेता तीन महिन्यांनी हसतखेळत जे मान्य करतो, ते ऑक्टोबरमध्ये लिहिण्यास निःपक्षपाती वार्ताहराची जीभ का अडखळावी?

मोजपट्टी उलटी फिरते तेव्हा

डिसेंबर २०१८ चे प्रकरण सोपे होते. सीमेवरील भिंतीच्या निधीसाठी सरकार बंद करण्यास आपल्याला अभिमान वाटेल, असे अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅमेऱ्यासमोरच सांगितले होते. कर्ता स्वतःहून पुढे आला. तो शटडाऊन ३५ दिवस चालला.

खरी परीक्षा १ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली. या वेळी रिपब्लिकन प्रतिनिधिगृहाने संमत केलेला तात्पुरता ठराव बव्हंशी निर्भेळ होता. सिनेटमध्ये त्याला आवश्यक साठ मते मिळेनात, कारण वर्षअखेर संपणारी आरोग्यविम्याची वाढीव करसवलत चालू ठेवावी, ही अट डेमोक्रॅटिक सिनेटरांनी घातली. विषय पुन्हा तोच कायदा. किल्ली मात्र दुसऱ्या हातात. २०१३ मध्ये ज्यांना उपरोक्त टीका पटली असेल त्यांनी येथेही ‘मंजुरी डेमोक्रॅटांनी अडवली’ हे वाक्य उच्चारले पाहिजे. मागणी लोकप्रिय होती, सहानुभूतीस पात्र होती, हा मूल्यमापनाचा भाग झाला. कर्ता त्याने बदलत नाही.

तथापि दोन प्रसंगांतील भेदही नोंदवावे लागतील, आणि ते नोंदवणे म्हणजे समतोलाकडे मागील दाराने परतणे नव्हे. काँग्रेसने मंजूर केलेला निधी जुलै २०२५ मध्ये साध्या बहुमताने मागे घेण्यात आला होता; ऑगस्टमध्ये अध्यक्षांनी परकीय मदतीचे ४.९ अब्ज डॉलर काँग्रेसच्या मतदानाविनाच रोखून धरण्याचा मार्ग अवलंबिला. साठ मतांनी झालेला करार पन्नास मतांनी, किंवा एकाही मताविना, मोडता येत असेल तर त्या करारास मत का द्यावे, हा डेमोक्रॅटांचा युक्तिवाद निव्वळ कांगावा नव्हता. २०१३ मध्ये याला समांतर असे काही नव्हते. शिवाय गृहनिर्माण खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘कट्टर डाव्यांना’ दोष देणारा फलक लावला गेला. म्हणजे कर्त्याचे नाव घेण्याचे काम वृत्तपत्रांनी टाळले, ते सरकारी यंत्रणेने आपल्या सोयीने उरकले. त्रेचाळीस दिवसांनंतर, १२ नोव्हेंबरला, डेमोक्रॅटांच्या गटातील आठ सिनेटरांनी साथ दिल्याने तो शटडाऊन संपला. तोवरचा तो सर्वांत दीर्घ होता. करसवलत मिळाली नाही. तिच्यावर मतदान घेण्याचे आश्वासन तेवढे मिळाले.

भाषांतराच्या टेबलावर

मराठी वृत्तपत्रांत अमेरिकेची बातमी बहुधा वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरावरून तयार होते. इंग्रजी ‘शटडाऊन’ हे नाम आहे; त्यात कोण, कोणासाठी, कशासाठी हे काही येत नाही. मराठीत ते आले की काही ठिकाणी त्याची ‘टाळेबंदी’ होते. हा शब्द गिरणगावाने आपल्याला चांगला शिकवला आहे: संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतो. दोन्हींत गिरणी बंदच असते, तरी १९८२ च्या मुंबईत या दोन शब्दांची अदलाबदल कोणी केली नसती. अमेरिकी शटडाऊनमध्ये मालक कोण आणि कामगार कोण हे प्रसंगागणिक बदलते, म्हणून ‘टाळेबंदी’ हा शब्द तेथे सरसकट वापरणे धोक्याचे आहे, आणि ‘शटडाऊन’ तसाच ठेवणे अधिक सुरक्षित. मात्र नाम तसेच ठेवले तरी वाक्याला क्रियापद लागतेच, आणि ते उपसंपादकाला रात्री अकरा वाजता स्वतःच निवडावे लागते. वृत्तसंस्थेचा मजकूर तेथे त्याच्या मदतीला येत नाही. मूळ इंग्रजी वाक्यात सरकार आपोआप बंद झालेले असते. ‘पाडले’ लिहायचे तर त्याला दोन परिच्छेद खाली उतरून मतदानाचे आकडे वाचावे लागतात.